लक्षकंठांचा सूत्रधार : फ्रेडी मर्क्युरी

मराठी मंडळाच्या स्मरणिकेत एका विलायती रॉक गायकाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न आमच्या काही ज्येष्ठ वाचकांच्या मनात उभा राहील, आणि तो अवाजवी म्हणता येणार नाही. ज्या पानांतून बालगंधर्वांच्या आणि केशवराव भोसल्यांच्या आठवणी आपण आवडीने वाचत आलो, त्या पानांत विजेच्या गिटारींचा हा गदारोळ कोठून आला, असे कोणासही वाटेल. यावर आमची उत्तरे दोन आहेत. पहिले असे की, या गायकाच्या बालपणाची आठ वर्षे महाराष्ट्राच्या मातीत, सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथे गेली. दुसरे कारण आम्हांला अधिक मोलाचे वाटते. समोर बसलेला श्रोता आपला कसा करून घ्यावा, हा रंगमंचावर पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकापुढचा जुनाच प्रश्न आहे. आणि त्या प्रश्नाचे उत्तर विसाव्या शतकात ज्या थोड्या माणसांनी स्वतःच्या उदाहरणाने दिले, त्यांत फ्रेडी मर्क्युरीची गणना करावी लागते.

त्याचे मूळ नाव फारुख बलसारा. ५ सप्टेंबर १९४६ रोजी, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या झांझिबार बेटावर, एका पारशी कुटुंबात त्याचा जन्म झाला. बलसारा हे आडनावच गुजरातेतील बलसाड गावाशी असलेले नाते सांगते. वडील बोमी बलसारा हे ब्रिटिश वसाहत सरकारच्या नोकरीत, तेथील न्यायालयात रोखपाल होते. आईचे नाव जेर. इराण सोडून हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागलेल्या आणि तेथून पोटापाण्यासाठी पुन्हा समुद्र ओलांडलेल्या समाजाचा हा मुलगा. घर एका देशात, मूळ दुसऱ्या देशात आणि शिक्षण तिसरीकडे, हा अनुभव त्याच्या वाट्याला फार लवकर आला.

१९५५ च्या सुमारास, वयाच्या आठव्या-नवव्या वर्षी, आईवडिलांनी त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स या निवासी शाळेत धाडले. वाई मागे टाकून पसरणीचा घाट चढला की येणारे हे थंड हवेचे गाव आमच्या वाचकांना सहलीमुळे परिचित आहे. त्या लहानग्याला मात्र तेथे वर्षच्या वर्ष घराविना काढायचे होते. सुटीत मुंबईला आजी आणि मावशी-आत्यांचा आधार होता, एवढेच. त्याच्या वरच्या जबड्यात मागच्या बाजूस चार दात अधिक होते आणि त्यांमुळे पुढचे दात बाहेर आलेले होते. सवंगड्यांनी त्यावरून चिडवावे हे ओघानेच आले. फारुखचे ‘फ्रेडी’ हे रूपही याच शाळेत रूढ झाले. येथेच तो पियानो शिकला, आणि एकदा कानावर पडलेली धून जशीच्या तशी वाजवून दाखवण्याचे त्याचे कसब शाळासोबत्यांच्या पुढे कायम स्मरणात राहिले.

पाच मुलांनी मिळून शाळेत ‘द हेक्टिक्स’ नावाचा एक बँड काढला होता. शाळेच्या समारंभांतून ही मुले त्या काळच्या इंग्रजी लोकप्रिय गाण्यांच्या नकला करीत. या बँडमध्ये पुढे उभा राहून गाणारा मुलगा दुसराच होता. फ्रेडी मागे पियानोवर असे. पुढे लाखालाखांच्या सभा जिंकणारा हा पुरुष आरंभी वाद्याच्या आडोशाने बसणारा, लाजरा आणि दात झाकून हसणारा मुलगा होता, ही गोष्ट या चरित्राची किल्लीच आहे असे आम्हांला वाटते. सभेची भीती ज्याला ठाऊक असते, त्यालाच पुढे सभेचा स्वभाव कळतो.

१९६३ साली तो झांझिबारला परतला. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९६४ मध्ये, तेथे राज्यक्रांती झाली, सुलतानाची सत्ता उलथली आणि रक्तपात झाला. बलसारा कुटुंबाने इंग्लंडची वाट धरली आणि लंडनजवळच्या फेल्टम येथे बिऱ्हाड मांडले. हीथ्रो विमानतळावर सामान उचलण्यासारखी कामेही या तरुणाने केली. त्याबरोबरच ईलिंगच्या कलाविद्यालयात त्याने चित्र आणि आरेखन यांचे शिक्षण घेतले व १९६९ मध्ये पदविका मिळवली. पुढे रॉजर टेलर या मित्राबरोबर केन्सिंग्टनच्या बाजारात त्याने जुन्या कपड्यांचा एक गाळाही चालवला.

या काळात ‘स्माइल’ नावाच्या एका बँडचे कार्यक्रम तो नेमाने ऐके. त्यात ब्रायन मे हा भौतिकशास्त्राचा विद्यार्थी गिटार वाजवी आणि दंतवैद्यकाचा अभ्यास सोडलेला रॉजर टेलर ड्रम्स वाजवी. फ्रेडी श्रोत्यांत उभा राहून ऐके आणि कार्यक्रम संपला की, उभे कसे राहावे, पोशाख कसा असावा, लोकांकडे पाहावे कसे, याविषयी मित्रांना सूचना करी. रंगमंचाचा अभ्यास त्याने अशा रीतीने प्रथम श्रोत्याच्या जागेवरून केला. याच सुमारास तो ‘आयबेक्स’ या आणि नंतर ‘रेकेज’ असे नाव घेतलेल्या बँडमध्ये गाऊ लागला होता. त्या दिवसांतील एक हकीकत सांगितली जाते. गाता गाता त्याने मायक्रोफोनचा जड दांडा फिरवला, खालचा ओतीव बूड निखळून पडला आणि हातात वरचा अर्धाच दांडा उरला. त्याने गाणे थांबवले नाही. तो अर्धा दांडाच घेऊन तो गात राहिला. हाच बिनबुडाचा दांडा पुढे आयुष्यभर त्याची खूण होऊन बसला. कधी तो राजदंड होई, कधी तलवार, कधी गिटार. अपघाताने हाती आलेली वस्तू ठेवून घ्यावी आणि तिला अर्थ द्यावा, ही कलावंताची दृष्टी होय.

१९७० साली ‘स्माइल’चा गायक निघून गेला आणि मे, टेलर व फ्रेडी यांनी ‘क्वीन’ या बँडची स्थापना केली. १९७१ मध्ये जॉन डीकन हा बास गिटारवादक आला आणि चौकडी पुरी झाली. याच काळात फ्रेडीने बलसारा हे आडनाव टाकून मर्क्युरी हे नाव घेतले. मर्क्युरी म्हणजे रोमन पुराणातील देवांचा दूत. आपल्याकडे ग्रहांत तो बुध आणि धातूंत पारा. चिमटीत न सापडणाऱ्या या माणसाला हे नाव विलक्षण शोभले. बँडचे मानचिन्हही त्यानेच रेखाटले. त्यात चौघांच्या राशींची चिन्हे आणि वर पंख पसरलेला अग्निपक्षी आहे. १९७३ मध्ये पहिली तबकडी आली आणि १९७५ मध्ये ‘बोहेमियन रॅप्सडी’ हे जवळजवळ सहा मिनिटांचे त्याचे गाणे इंग्लंडमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. इतके लांब गाणे रेडिओवर कोण लावणार, हा व्यवहारी माणसांचा आक्षेप श्रोत्यांनीच निकालात काढला.

रॉक बँडमध्ये पुढे उभा राहून गाणाऱ्यास तिकडे फ्रंटमन म्हणतात. त्याचे काम पुष्कळसे आपल्या कीर्तनकारासारखे असते. साथीला माणसे असतात, पण सभा जिंकण्याचा किंवा गमावण्याचा भार त्या एकट्यावर असतो. मर्क्युरीला हे काम कशामुळे साधले, याचा विचार करताना प्रथम त्याचा आवाज डोळ्यांसमोर येतो. बोलताना तो खालच्या पट्टीत बोले, पण गाताना वरच्या सप्तकात सहज विहरे. २०१६ मध्ये युरोपातील काही ध्वनिशास्त्रज्ञांनी त्याच्या मुद्रणांचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या स्वरातील कंप सेकंदाला सुमारे ७ आंदोलनांचा, म्हणजे सामान्य गायकांहून जलद असल्याचे त्यांना आढळले. परंतु नुसत्या आवाजाने मैदान जिंकता येते, असे आम्ही मानीत नाही. त्याच्या स्वररज्जूंवर गाठी होत्या, दौऱ्यात घसा अनेकदा दगा देई, आणि तबकडीवरील चढे स्वर तो प्रत्यक्ष कार्यक्रमात पुष्कळदा खालून घेई. श्रोत्यांची त्याबद्दल तक्रार नसे. तबकडीची हुबेहूब नक्कल ऐकण्यासाठी कोणी मैदानावर येत नाही, हे त्याने ओळखले होते. ‘बोहेमियन रॅप्सडी’च्या मधल्या भागात अनेक स्वर एकावर एक रचलेले आहेत; चौघांनी ते रंगमंचावर गाणे अशक्यच. गाण्याचा आव आणण्याऐवजी ही मंडळी त्या भागापुरती सरळ आत निघून जात, ध्वनिमुद्रण वाजे, आणि शेवटच्या भागाला प्रकाशाच्या लोळात चौघे पुन्हा अवतरत. मर्यादा लपवण्यापेक्षा तिचाच देखावा करावा, हे शहाणपण त्यात होते.

दुसरे त्याचे साधन म्हणजे देह. चित्रकलेचे शिक्षण येथे उपयोगी पडले असावे. मैदानाच्या शेवटच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाला गायकाचा चेहरा दिसत नाही. त्याला दिसते ती केवळ आकृती. म्हणून मर्क्युरीची प्रत्येक मुद्रा दुरून ओळखता येईल अशी रेखीव असे : पाय फाकलेले, पाठ ताठ, एक मूठ आभाळाकडे. आरंभीच्या वर्षांत पंखांसारख्या बाह्यांचा शुभ्र झगा, पुढे आखूड केस आणि मिशा, १९८६ च्या दौऱ्यात पिवळे जाकीट आणि शेवटी राजमुकुट व झूल. १९७९ मध्ये तो लंडनच्या रॉयल बॅलेच्या नर्तकांबरोबरही एका कार्यक्रमात उतरला होता. आपल्या थाटामाटाकडे तो स्वतःच किंचित मिस्कीलपणे पाहत असे. त्यामुळे त्याचा डौल कोणाला टोचला नाही. मुकुट घातलेला हा राजा प्रजेकडे डोळा मारी, आणि प्रजा खूश होई.

परंतु या साऱ्याहून मोठी गोष्ट वेगळीच होती. १९७७ मध्ये इंग्लंडमधील स्टॅफर्ड येथे कार्यक्रम संपल्यावर श्रोते जागचे हलले नाहीत. उलट त्यांनीच बँडसाठी एक गाणे म्हणावयास सुरुवात केली. दुसरे एखादे मंडळ यामुळे सुखावून घरी गेले असते. क्वीनने मात्र त्यावर विचार केला. श्रोत्यांना गायचेच आहे, तर त्यांच्यासाठी जागा ठेवूनच गाणे का रचू नये? त्याच वर्षी ब्रायन मे याने ‘वुई विल रॉक यू’ रचले. त्याचा ठेका म्हणजे दोनदा पाय आपटणे आणि एकदा टाळी वाजवणे. हात आणि पाय असलेल्या कोणासही ती साथ करता यावी. मर्क्युरीने ‘वुई आर द चॅम्पियन्स’ लिहिले. त्याचा पालुपदाचा भाग समूहानेच म्हणावा असा आहे. १९८१ मध्ये बँड दक्षिण अमेरिकेत गेला, तेव्हा ब्राझीलमधील साओ पावलोच्या मोरुम्बी मैदानावर एका रात्री सव्वा लाखाहून अधिक लोक जमले. ज्यांची भाषा पोर्तुगीज, त्या श्रोत्यांनी त्याचे ‘लव्ह ऑफ माय लाइफ’ हे शांत इंग्रजी गीत अथपासून इतिपर्यंत म्हटले. मर्क्युरी गप्प राहिला आणि ऐकत राहिला. गायकाने योग्य वेळी गप्प बसणे, ही सर्वांत अवघड साधना आहे असे आम्हांला वाटते.

या चरित्राला उतार लागलाच नाही असे नाही. १९८२ नंतर अमेरिकेत क्वीनची लोकप्रियता ओसरली आणि मर्क्युरीसह बँडचा दौरा तेथे पुन्हा झाला नाही. ऑक्टोबर १९८४ मध्ये हे चौघे दक्षिण आफ्रिकेतील सन सिटी येथे गेले. वर्णभेदाच्या धोरणामुळे त्या देशावर कलावंतांचा बहिष्कार होता. तो मोडल्याबद्दल ब्रिटिश वादक-संघाने त्यांना दंड केला. स्वतः सावळ्या वर्णाच्या, राज्यक्रांतीत घर गमावलेल्या माणसाने तेथे जावे, हे आम्हांला आजही खटकते. चरित्रलेखनात गुणांबरोबर याचीही नोंद झाली पाहिजे.

अशा उतरत्या काळात १३ जुलै १९८५ हा दिवस उगवला. इथिओपियातील दुष्काळपीडितांच्या साहाय्यार्थ लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर आणि अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे एकाच दिवशी ‘लाइव्ह एड’ हा महाकार्यक्रम झाला. वेम्ब्लीत सुमारे ७२,००० लोक होते आणि जगभर कोट्यवधी लोक दूरचित्रवाणीपुढे बसले होते. प्रत्येकाला वेळ वीसेक मिनिटांचाच. श्रोते अनेक कलावंतांचे, म्हणजे क्वीनचे हक्काचे नव्हते. वेळ सायंकाळी पावणेसातच्या सुमाराची; लंडनच्या उन्हाळ्यात तेव्हा लख्ख उजेड असतो. त्यामुळे ज्या दिव्यांच्या झगमगाटावर या बँडचा मोठा भर असे, तो सारा व्यर्थ. चौघांनी लंडनच्या शॉ थिएटरमध्ये कसून तालीम केली होती, गाणी काटछाट करून बसवली होती आणि नवे काही ऐकवण्याचा मोह टाळला होता.

मर्क्युरी धावत आला आणि प्रथम पियानोपाशी बसला. पाचगणीच्या मुलाची तीच जुनी जागा. ‘बोहेमियन रॅप्सडी’चा आरंभ वाजवून तो उठला, अर्धा दांडा हाती घेतला आणि पुढे आला. ‘रेडिओ गा गा’च्या पालुपदाला ७२,००० माणसांचे हात एका वेळी डोक्यावर उठले आणि टाळी एका वेळी पडली. नंतर त्याने वाद्ये थांबवली. शब्द नसलेला, केवळ स्वरांचा एक तुकडा त्याने गायला आणि मैदानाकडे टाकला. मैदानाने तो परत दिला. दुसरा तुकडा जरा वळणाचा, तिसरा त्याहून लांब. या खेळातली खुबी लक्षात घेण्याजोगी आहे. शब्द नाहीत, म्हणून भाषेची अडचण नाही. तुकडा थोडा थोडा अवघड होत जातो, पण श्रोत्याच्या आवाक्याबाहेर कधी जात नाही. कारण तसे झाले तर श्रोता हरतो, आणि हरलेला श्रोता गप्प होतो. आपली विद्वत्ता दाखवण्यासाठी तो समोरच्याला ताना मारीत नव्हता. समोरच्याकडून गाऊन घेत होता. उत्तम गुरू शिष्याला चढवतो तसे त्याने त्या हजारो लोकांना चढवत नेले. २१ मिनिटे संपली तेव्हा त्या दिवसाचा मानकरी कोण, याविषयी फारसे कोणी वाद घातले नाहीत.

पुढच्या वर्षीच्या दौऱ्यात, २७ जुलै १९८६ रोजी, क्वीनचा कार्यक्रम हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथे झाला. पोलादी पडद्याआडच्या देशात पाश्चात्त्य बँडचा एवढा मोठा कार्यक्रम ही तेव्हा अपूर्वाई होती. मर्क्युरीने तेथे एक हंगेरियन लोकगीत गायले. शब्द परके, म्हणून त्याने ते तळहातावर लिहून आणले होते आणि गाताना तो उघडपणे हाताकडे पाहत होता. मैदानाने ते गीत त्याच्या तोंडून उचलले. परक्या गावी जाऊन तेथल्या माणसांचे गाणे अडखळत का होईना म्हणणे, यात केवढे सौजन्य आहे, हे परप्रांतात मराठी घर मांडून बसलेल्या आपल्यासारख्यांना वेगळे सांगावयास नको. ९ ऑगस्ट १९८६ रोजी इंग्लंडमधील नेब्वर्थ येथे लाखाहून अधिक लोकांपुढे त्या दौऱ्याचा शेवट झाला. क्वीनबरोबरचा तो त्याचा अखेरचा कार्यक्रम ठरला.

रंगमंचावरून उतरलेला मर्क्युरी निराळाच असे. तो मुलाखती टाळी, अनोळखी माणसांत संकोचे, मांजरांत आणि मोजक्या मित्रांत रमे. मेरी ऑस्टिनशी असलेले त्याचे स्नेहबंध प्रेमाचे नाते संपल्यावरही अखेरपर्यंत टिकले. पुढील आयुष्यात त्याचे सहजीवन पुरुष सोबत्याबरोबर होते. त्या काळचा समाज आणि वृत्तपत्रे अशा जीवनाकडे उदारपणे पाहत नसत. १९८७ मध्ये त्याला एड्सच्या विषाणूची बाधा झाल्याचे निष्पन्न झाले. त्या रोगावर तेव्हा परिणामकारक इलाज नव्हता, आणि रोग्याच्या वाट्याला सहानुभूतीपेक्षा तिरस्कारच अधिक येई. त्याने ही गोष्ट जगापासून लपवली. वृत्तपत्रे दाराशी पहारा देत असता तो काम करीत राहिला. १९८८ मध्ये माँसेरात काबाये या थोर ऑपेरा गायिकेबरोबरचा ‘बार्सिलोना’ हा संग्रह आला, नंतर क्वीनचे आणखी दोन. १९९१ च्या वसंतात, स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथील ध्वनिमुद्रणगृहात, उभे राहण्याचे त्राण नसतानाही तो गात होता. त्यांतली काही गीते १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्याने आयुष्यभर समोरच्या डोळ्यांत पाहून गायले, तो अखेरीस ज्यांना आपण कधी पाहणार नाही अशा श्रोत्यांसाठी गायला.

२३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने आपला आजार जाहीर केला. दुसऱ्याच दिवशी, वयाच्या ४५ व्या वर्षी, लंडनच्या राहत्या घरी त्याचे निधन झाले. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी प्राचीन प्रार्थनांसह केले. नाव बदलले, देश बदलले. पण शेवटचा निरोप जन्माच्या भाषेतच दिला गेला.

पाचगणीने हा गायक घडवला, असा दावा आम्ही करणार नाही. तो स्वतः त्या वर्षांविषयी क्वचितच बोलला. आणि आपल्या मातीवर राहून गेलेल्या प्रत्येक मोठ्या माणसावर हक्क सांगण्याचा हव्यास बरा नव्हे. पण एक गोष्ट नमूद केल्यावाचून राहवत नाही. २० एप्रिल १९९२ रोजी त्याच्या स्मरणार्थ वेम्ब्लीवर कार्यक्रम झाला. एड्सच्या निवारणासाठी त्यातून निधी उभा राहिला. ‘रेडिओ गा गा’ त्या दिवशी दुसऱ्याच गायकाने म्हटले, पण हजारो हात नेमक्या क्षणी वर गेले. त्यानंतर २० वर्षांनी, १२ ऑगस्ट २०१२ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या समारोपात भव्य पडद्यावर मर्क्युरीची जुनी चित्रफीत दाखवण्यात आली. दिवंगत गायकाने पडद्यावरून आपला शब्दहीन स्वर टाकला, आणि भरलेल्या मैदानाने तो जसाच्या तसा परत दिला. त्यात कित्येक तरुण असे असतील, की तो गेला तेव्हा ते जन्मलेलेही नव्हते. गायक स्वतः गाऊन जातो. सूत्रधार इतरांच्या कंठात गाणे ठेवून जातो. फ्रेडी मर्क्युरी हा असा सूत्रधार होता.